कुठे माशी शिंकली

रविवार, २७ एप्रिल १९८६

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

गुरुवारी ट्राउटचा सीझन सुरू होतोय. नदीकाठच्या झोपडीतली पाटी काढून आणली आणि धुतली. ही पाटी म्हणजे कॅडलफोर्ड फिशिंग क्लबचा प्राण. रोज सकाळी पाण्यावर कुठली मेफ्लाय उडते आहे ते बघायचं, ओळखायचं आणि खडूनं लिहायचं, ‘आजची माशी अमुक’. मग क्लबातला प्रत्येक जण तिचीच पिसा-दोऱ्याची नक्कल गळाला बांधतो. ट्राउट हा मासा भारी चोखंदळ. पाण्यावर एक माशी चालू असताना दुसरी टाकली तर ढुंकून बघत नाही. माशी चुकली की मासा गेला. म्हणून हे काम जबाबदार माणसाकडेच असावं लागतं, आणि ते पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

डोरीन मदत करते. म्हणजे शेपट्या मोजते. काही मेफ्लायना शेपट्या दोन असतात, काहींना तीन. जात ओळखायची ती आधी त्यावरून. मी माशी बोटावर धरतो, ती दोन की तीन ते सांगते, आणि मग मी विचार करून नाव ठरवतो. कधी कधी नावही तीच सांगून टाकते, पण विचार मी करतोच. शेपट्या काय, कुणीही मोजेल. पाटीवर लिहायला डोकं लागतं.

डोरीननं पुन्हा चष्म्याचा विषय काढला. माझे डोळे उत्तम आहेत. लांब उभ्या मोटारीचा नंबर आजही घडाघडा वाचतो. ड्रायव्हिंग टेस्टचा परीक्षक होतो मी, दुसऱ्यांच्या डोळ्यांची परीक्षा घेण्यात हयात गेली. हल्ली वर्तमानपत्रंच बारीक छापतात.

गुरुवार, १ मे

सीझन सुरू. ऊन छान, पाणी काचेसारखं.

क्लबात नवीन सभासद आलाय. ऑब्री लॅस्कम. निवृत्त दंतवैद्य, बायको वारलेली, चर्चमागचं कॉटेज घेतलंय. आमच्या चेअरमन मिस प्रिडो त्याला झोपडीत घेऊन आल्या. माणूस उंच, पांढरे केस, दात सगळे स्वतःचे. पहिल्याच दिवशी नवं कोरं जाकीट. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मी मोठ्या मनानं त्याला प्राथमिक माहिती दिली. मेफ्लाय पाण्यातून वर येते तेव्हा तिचे पंख मळकट असतात, तिला आम्ही डन म्हणतो. मग ती झाडाझुडपात बसून एकदा अंगावरची कात टाकते आणि आतून चकचकीत पंखांची, लांब शेपट्यांची माशी निघते, ती स्पिनर. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा किडा जगात हा एकच. हे नीट लक्षात ठेवा, असं त्याला बजावलं. नवशिके हमखास इथे फसतात आणि एकाच माशीच्या दोन जाती समजून बसतात. तो मान डोलवत ऐकत होता. डोरीन खिडकीतून बाहेर बघत होती.

मग लॅस्कमनं विचारलं की मिसेस पिनॉकही माशा ओळखतात का. मी हसून म्हटलं, छे हो, ती नुसत्या शेपट्या मोजते. तेवढं काय, शिकवलं तर आमचं मांजरही मोजेल.

सगळे हसले. डोरीन नाही हसली.

घरी येताना पुढे पुढे चालत राहिली. जेवताना बटाटे माझ्या ताटात वाढत म्हणाली, “उद्यापासून मांजराला घेऊन जा.” डोकं दुखत असावं.

शुक्रवार, २ मे

डोरीन खरंच आली नाही. बागेतल्या रुबार्बला खत घालायचंय म्हणे. काही बिघडत नाही.

पुलाखाली माशी पकडली. शेपट्या दोन. नक्की दोन. किंवा तीन, पण त्यातल्या दोन एकमेकींना चिकटलेल्या. हात लांब करून बघितली तर आकार दिसतो पण शेपट्या दिसत नाहीत, जवळ आणली तर शेपट्यांच्या जागी धुकं. उजेडच विचित्र होता. पाटीवर ‘लोहनीळ’ लिहून टाकलं. जातिवंत माशी आहे, मे महिन्यात कधी चुकत नाही.

दिवसभरात कुणालाच मासा नाही. वारा पूर्वेचा होता.

मंगळवार, ६ मे

नाश्त्याला बशीच्या काठावर लोहनीळ बसलेली सापडली. घरात. मोठी दुर्मीळ गोष्ट. डोरीनला बोलावून पंखांची ठेवण समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ह्यूबर्ट, ती चहाची पत्ती आहे.” मग बशी उचलून धुवायला घेऊन गेली.

पाटीवर ‘लोहनीळ’च ठेवलं. पत्ती असली तरी अंदाज चुकलेला नसतो.

शनिवार, १० मे

डोरीन नदीवर गेली. माझ्याबरोबर नाही. लॅस्कमबरोबर.

त्यानं म्हणे तिला पोस्टाच्या दारात थांबवलं आणि विचारलं की तुम्ही त्या दिवशी खिडकीतून बघून ‘ऑलिव्ह, मादी’ असं माशीचं नाव पुटपुटलात ते इतक्या लांबून कसं ओळखलंत. आणि ही बया तिथे उभी राहून त्याला सांगत बसली. ती पुटपुटली होती हे मला ऐकू आलं नाही. त्याला बरं आलं.

त्यानं तिला आपलं भिंग वापरायला दिलंय. दात बघायचं, डोळ्याला लावायचं भिंग. तिनं ते डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अगंबाई, किती केस आहेत तुझ्या नाकात.”

मला एक कळत नाही. मेफ्लायला पंख फुटले की तिचं तोंड निकामी होतं, ती खात नाही, पीत नाही, जेमतेम दोन दिवस जगते. ज्या प्राण्याला तोंडच नाही त्याच्याशी दंतवैद्याचा संबंध काय? हे मी डोरीनला ऐकवलं. तिनं ते उद्या ऑब्रीला सांगते म्हटलं, त्याला आवडेल.

ऑब्री. दहा दिवसांत ऑब्री.

बुधवार, १४ मे

संकल्प: लॅस्कमचा विचार करायचा नाही.

दुपारी पक्षी बघायला दुर्बीण घेऊन टेकडीवर गेलो. पक्षी नव्हते. योगायोगानं दुर्बीण नदीच्या बाजूला वळली, तर वळणावरच्या बाकावर ती दोघं. डोक्याला डोकं लावून. त्यानं तिचं बोट हातात धरलेलं. बोट सोडीचना. मी दुर्बीण पुसून पुन्हा बघितलं, तरी धरलेलंच.

संध्याकाळी सहज विचारलं, आज बाकावर ऊन होतं का. म्हणाली, “होतं. माझ्या बोटावर एक सुरेख स्पिनर येऊन बसली होती, ऑब्री बघत होता. तू टेकडीवरून हात का नाही केलास? तुझ्या दुर्बिणीच्या काचा केवढ्या चमकत होत्या.”

मी विषय बदलला. तिनं गोडाला रुबार्ब क्रंबल केलं होतं. अर्धं भांडं रिकामं. कुठे गेलं ते विचारलं नाही. कळतं तेवढं मला.

रविवार, १८ मे

चर्चनंतर मिस प्रिडोंनी मला दाराशीच गाठलं. कानांनी कमी ऐकतात, त्यामुळे बोलतात सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. “पिनॉक, पाटीचं काय चाललंय तुमचं? इतकी वर्षं एक माशी चुकली नाही. यंदा एक बरोबर नाही. कुठे माशी शिंकली?”

मी म्हटलं, वारा पूर्वेचा आहे.

“काय? बायको पूर्वेला गेली?”

लोक वळून बघायला लागले.

सोमवार, १९ मे

झाडाआडून नदीचं निरीक्षण करत होतो. पलीकडच्या काठावर कोण होतं त्याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. टेकलो होतो ती विलोची फांदी कुजकी निघाली. पाणी कमरेइतकंच, पण फार गार. लॅस्कमनं हात देऊन बाहेर काढलं आणि आपलं नवं जाकीट माझ्या अंगावर घातलं. जाकीट मापाचं बसलं, याचा जास्त राग आला.

डोरीन म्हणाली, तू त्या माणसाला पाण्यात पाहतोस. मी म्हटलं, नदीवर दुसरं कुठे पाहणार?

हे उत्तर चांगलं होतं. नंतर अंथरुणात सुचलं नाही, तिथल्या तिथे सुचलं. नोंद करून ठेवतो.

गुरुवार, २२ मे

आली! मोठी मेफ्लाय आली. दुपारी पुलावर नुसता पाऊस पडावा तशा माशा. नदी उकळते आहे असं वाटावं इतके ट्राउट वर येत होते. आजपासून ढ-पंधरवडा.

हे नाव आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचं. वर्षात हे दोन आठवडे असे असतात की मासे वेडे होतात, आणि ज्याला गळ कुठल्या बाजूनं धरायचा ते माहीत नाही अशा ढ माणसालाही मासा मिळतो. या पंधरवड्यातल्या ट्राउटवरच क्लबाचं जेवण होतं. यंदा शनिवारी, ७ जूनला आहे.

या दिवसांत पाटीवर लिहायचं ते इतकंच: डन की स्पिनर. एवढ्यात कोण चुकेल? पाण्यावरच्या माशांचे पंख चमकताना दिसले. ‘स्पिनर’ लिहिलं.

संकल्प: रोज एक मासा. जेवणाच्या मुख्य टेबलावर माझा ट्राउट, आणि त्याच्यासमोर लॅस्कम, रिकाम्या हातानं.

शनिवार, २४ मे

मासा नाही. माझी टोपी गळाला लागली.

सोमवार, २६ मे

मासा नाही. बदक. सोडवताना चावलं.

कुणालाच मासा नाही, फक्त लॅस्कमला. तो पाटीकडे बघतो, नम्रपणे मान हलवतो आणि जाऊन दुसरीच माशी बांधतो. ‘डन’ बांधतो. भरदुपारी चमकताहेत ते ओले पंख आहेत, स्पिनर संध्याकाळी पडतात, असं त्याचं म्हणणं. हे त्याला कुणी सांगितलं ते त्यानं सांगितलं नाही. त्याच्या खांद्यावरून डोरीन माझ्याकडे बघत होती.

गुरुवार, २९ मे

झोपडीच्या दारावर नोटीस. ७ जूनच्या जेवणाच्या वेळी ‘पाटीच्या जबाबदारीबद्दल’ मतदान. आजवर मतदान झालेलं नाही. पाटी माझीच, हे सूर्य पूर्वेला उगवतो तसं होतं. दोघा सभासदांनी लॅस्कमचं नाव सुचवलंय. नोटिशीतली नावं वाचायला जरा वेळ लागला, मिस प्रिडोंचं अक्षर गिचमिड.

पाटी गेली तर मी कोण? आधी टेस्टचा परीक्षक होतो. गावातल्या अर्ध्या लोकांना मी एकदा तरी नापास केलंय, ते माझ्याशी पाटीमुळेच बोलतात. सकाळी झोपडीत शिरलं की सगळे विचारतात, काय पिनॉक, आज काय? एवढं एक वाक्य. ते दुसऱ्या कुणाला विचारताना मला ऐकवणार नाही.

आयत्या बिळावर नागोबा. दुसरा शब्द नाही या माणसाला.

रविवार, १ जून

खरं तेच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो.

आज डोरीननं लॅस्कमच्या रॉडवर मासा धरला. चांगला हातभर. मी पुलावर होतो. मासा जाळीत आला तेव्हा ती हसली. मागे डोकं टाकून, मोठ्यांदा, बूट पाण्यात, केस तोंडावर. ती अशी हसते हे मी विसरलो होतो. लग्नाआधी हसायची, माझी मोटारसायकल चिखलात रुतली होती तेव्हा.

जळतो मी. अंगाचा तिळपापड होतो. पाटीवरून नाही, माशावरूनही नाही. इतकी वर्षं ती माझ्याबरोबर त्याच नदीवर आली, आणि हसली मात्र त्याच्याबरोबर.

पुलावरून खाली उतरून म्हणालो, रॉड जरा खाली धरायला हवा होतास. डोरीननं रॉड लॅस्कमच्या हातात परत दिला. मग मी घरी आलो.

मंगळवार, ३ जून

लॅस्कम संध्याकाळी फाटकाशी आला. आत बोलावलं नाही. म्हणाला, त्या मतदानात माझं नाव मला न विचारता घातलंय, तुम्हाला वाईट वाटू नये. मी म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल.

मग काठीनं वाळू उकरत म्हणाला, “खरं सांगू मिस्टर पिनॉक, मला तुमचा फार हेवा वाटतो. माझी एल्स्पेथ कधी नदीवर आली नाही. मीही कधी चल म्हटलं नाही.” आणि घराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत डोरीन दिवा लावत होती.

हेवा! शेवटी कबूल केलं. पाटीचं काम येरागबाळ्याचं नाही हे त्यालाही कळलं तर.

गुरुवार, ५ जून

आज इतिहास घडला. घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.

दुपारी कुंपणावर एक मेफ्लाय बसली होती. मोठी, मळकट हिरव्या पंखांची. पकडली, तळहातावर घेतली, उन्हात धरली, शेपट्या मोजल्या. दोन. पुन्हा मोजल्या. दोन. हात पूर्ण लांब करून मोजल्या. दोनच.

मोठ्या मेफ्लायला शेपट्या तीन असतात. पुस्तकात तीन, चित्रात तीन, अख्ख्या इंग्लंडात तीन. दोन शेपट्यांची मोठी मेफ्लाय आजवर कुणी पाहिलेली नाही. म्हणजे ही नवी जात आहे आणि ती मला सापडली. नाव ठरवलं: एफिमेरा पिनॉकी.

जिवंतच तंबाखूच्या डबीत ठेवली, झाकणाला भोकं पाडून डबी बैठकीत शेकोटीवरच्या फळीवर ठेवली. शनिवारी सगळ्यांसमोर उघडणार. मग बघू मतदान. तोपर्यंत झाकण काढायचं नाही, डोरीनलाही दाखवायची नाही. आता हिला शेपट्या मोजायला दिल्या तर श्रेय वाटून घ्यायला येईल, आणि मागोमाग तो येईल.

शुक्रवार, ६ जून

भाषणाची तयारी. ‘मित्रहो, विज्ञानाच्या इतिहासात’ अशी सुरुवात. शेवटी लॅस्कमकडे बघून, ‘काही लोक भिंगातून बघतात आणि तरीही त्यांना दिसत नाही.’ आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं.

चहाच्या वेळी लॅस्कम येऊन गेला. डोरीनला मधाची बाटली द्यायला. बैठकीत बसला होता. शेकोटीजवळच्या खुर्चीत. मी बागेतून आलो तेव्हा तो उठून उभाच होता.

शनिवार, ७ जून, सकाळ

घात! चोरी!

फक्त एकदा बघावं म्हणून झाकण काढलं. आत माझी माशी नाही. दुसरीच कुठलीतरी. हिचे पंख मळकट नाहीत, काचेसारखे चकचकीत, अंग काळपट आणि शेपट्या कितीतरी लांब. कोपऱ्यात एक पातळ पापुद्र्यासारखा कचरा पडलाय, बहुधा घाईत खिशातून पडलेला.

माणूस इतका नीच असू शकतो? फळीवर डबी, शेजारी खुर्ची, खुर्चीत लॅस्कम. माझी माशी उचलली आणि तिच्या जागी साधी स्पिनर ठेवून दिली. दंतवैद्य. लोकांच्या तोंडातून हातोहात दात काढणाऱ्याला डबीतून माशी काढणं किती अवघड.

डोरीनला काही सांगितलं नाही. डबी खिशात. आज सगळ्यांसमोर.

रविवार, ८ जून

लिहायची इच्छा नाही. पण खरं लिहायचं ठरलंय.

जेवण गावाच्या हॉलमध्ये. दर वर्षी प्रत्येक ताटात ट्राउट असतो. काल प्रत्येक ताटात गार हॅम होतं, मोहरी लावून. ट्राउट होते ते फक्त मुख्य टेबलावर, लॅस्कमनं आणि डोरीननं धरलेले. हॅम चावताना लोक माझ्याकडे बघत होते.

मतदानाआधी मी उभा राहिलो. भाषण आठवेना, आठवलं ते फक्त शेवटचं वाक्य, म्हणून तेच आधी म्हणून टाकलं. मग डबी टेबलावर आपटली आणि सांगितलं, यात दोन शेपट्यांची नवी जात होती आणि ती या गृहस्थांनी माझ्या घरात बसून बदलली.

लोकांनी काटे-सुऱ्या खाली ठेवल्या. मिस प्रिडो मोठ्यांदा म्हणाल्या, “काय बदललं? हॅम?”

लॅस्कम लाल झाला. मला वाटलं, पकडला. तो डबीत बघत होता आणि काही बोलत नव्हता. नंतर लक्षात आलं, तो माझी लाज राखायला गप्प होता. शेवटी डोरीन उठली. डबी हातात घेतली, भिंग लावलं नाही, नुसतं बघितलं, आणि चिमटीनं तो पापुद्रा उचलून माझ्यासमोर धरला.

“ह्यूबर्ट,” ती म्हणाली, अगदी हळू, पण त्या हॉलमध्ये हळू बोललेलंही ऐकू येतं. “ही कात आहे. डनची स्पिनर झाली. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा जगात एकच किडा. पहिल्याच दिवशी तूच ऑब्रीला शिकवलंस. नवशिके इथे फसतात म्हणालास.”

मी विचारलं, आणि शेपट्या?

“तीन.” मग आणखी हळू: “तीनच होत्या रे. नेहमीच.”

मी खाली बसलो. माझी मान वर होईना. हॅमकडे बघत होतो, हॅमही नीट दिसत नव्हतं. कुणीतरी बोलत होतं, लॅस्कमचा आवाज असावा, गेल्या महिन्यात मला जे काही कळलं ते एकाच व्यक्तीकडून, वगैरे, वगैरे. मग खुर्च्यांचा आवाज झाला, बघतो तर सगळ्यांचे हात वर. मला वाटलं स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार मानताहेत. मीही हात वर केला.

मिस प्रिडो म्हणाल्या, “एकमतानं. आणि नवऱ्याचंही मत धरून. पिनॉक, मन मोठं आहे हं तुमचं.”

पाटी डोरीनला मिळाली.

डबी खिशात घालून डोरीनमागून घरी आलो. फाटकाशी आल्यावर मी म्हटलं, लॅस्कमची माफी मागायला हवी. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं का, इतकी वर्षं, कोण ओळखत होतं ते? तिनं किल्ली शोधायला बराच वेळ लावला. मग म्हणाली, “तुला सोडून.”

मग मी विचारलं की तिनं कधी बोलून का नाही दाखवलं. ती म्हणाली, “मला मजा यायची. रोज सकाळी तू बोट पुढे करायचास. मला वाटायचं, आपण दोघं मिळून करतोय.”

उत्तर सुचलं नाही. हे अंथरुणातही सुचलं नाही.

सोमवार, ९ जून

लॅस्कमची माफी मागून आलो. तो म्हणाला, कशाबद्दल. मी सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाला, दुर्बिणीचं माहीत होतं, झाडाचंही. चहा दिला. त्याचा चहा पाणचट आहे. बरं वाटलं.

बुधवार, १८ जून

चष्मा आला. डोरीननं आधीच डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, मेच्या दोन तारखेलाच. चष्म्यातून पहिल्यांदा डोरीनकडे बघितलं. बराच वेळ बघत होतो. ती म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, धूळ आहे का बघत होतो.

शुक्रवार, २० जून

सकाळी नदीवर. ढग, वारा नाही. डोरीन पाटी काखेत घेऊन पुढे, मी मागे. झोपडीत शिरताच सगळ्यांनी विचारलं, काय मिसेस पिनॉक, आज काय? मी दाराशीच उभा राहिलो. वाटलं होतं तितकं लागलं नाही. लागलं, पण वाटलं होतं तितकं नाही.

मग ती पाण्याशी गेली, जाळीत एक माशी पकडली, बोटावर घेतली आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. “माझे हात ओले आहेत, भिंग लावता येत नाही. मोज बघू.”

मोजल्या. एक, दोन, तीन. अगदी स्वच्छ, केसासारख्या. तीन, म्हटलं. तिनं मान डोलावली, क्षणभर विचार केला आणि पाटीवर लिहिलं: ‘आजची माशी: निळपंखी ऑलिव्ह.’ दुपारपर्यंत क्लबात प्रत्येकाला मासा. मला एक, लहान, पण मासाच. डोरीन हसली. मी पाण्यात घसरलो होतो म्हणून असेल, पण तशीच हसली, मागे डोकं टाकून.

उद्यापासून रोज मोजायला यायचं ठरलंय. तशी सगळी जबाबदारी आता माझ्यावरच आली म्हणायची. दोन की तीन, यावरच तर सगळं अवलंबून असतं. पाटीवर काय, कुणीही लिहील.